‘लॅपटॉप त चांगलाच आहे, ताई!’

“लॅपटॉप त चांगलाच आहे ताई. फॉल्ट काहीच नाही यात.”

नागपूरहून आलेला टेक्निशियन दादा असं म्हणाला, त्याने मोबाइलमधल्या ॲपवर एक टिक मारली आणि माझी रिटर्नची विनंती तिथेच संपली. दादा काही वाईट माणूस नव्हता. भर उन्हात ऐंशी किलोमीटर गाडी चालवून आमच्या गावात आला होता. आईने केलेला चहा प्यायला. आणि बोलला तेही खरंच होतं. स्क्रीन झकास, बॅटरी व्यवस्थित, कीबोर्डची सगळी बटणं चालू. फक्त ज्या कामासाठी तो लॅपटॉप घेतला होता, ते काम त्याच्याने होत नव्हतं. आणि ते होईल, असं विकणाऱ्याने लिहिलं होतं.

दादाच्या ॲपमध्ये ‘दोष आढळला’ आणि ‘दोष आढळला नाही’ एवढे दोनच पर्याय होते. ‘दोष नाही, पण जाहिरात खोटी आहे’ असा तिसरा पर्याय नव्हता. मला त्या नसलेल्या पर्यायाबद्दल बोलायचं आहे, कारण तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी अशी एखादी वस्तू खोक्यासकट कपाटावर पडून असणार. माझी खात्री आहे.

आधी झालं काय ते सांगते. मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक डॉक्युमेंटरी करायची होती. मी विषय घेतला भंडाऱ्याच्या पितळेच्या भांड्यांचा, म्हणजे ती घडवणाऱ्या कारागिरांचा. शूटिंग झालं. एडिटिंग मोबाइलवर करायला गेले तर मोबाइल हँग. मग घरात लॅपटॉपचा विषय निघाला. बाबा म्हणाले, “धानाचे चुकारे येऊ दे, मग घेऊ.” ज्यांच्या घरी धान आहे त्यांना वेगळं सांगायला नको. धान केंद्रावर कधी दिला आणि पैसे खात्यात कधी आले, यात मधे किती दिवस जातात ते आपल्याला माहीत आहे. चुकारे आले, नेमका तेव्हाच सेल लागला होता. ४६ हजार ९९० रुपये. आमच्या घरात एका वस्तूवर एकदम इतके पैसे मोटारसायकलनंतर पहिल्यांदाच गेले.

जाहिरातीत लिहिलं होतं : ८ जीबी रॅम, १६ जीबीपर्यंत वाढवता येईल. माझं सगळं गणित याच वाक्यावर होतं. आता आठवर भागवू, पुढे इंटर्नशिपचे चार पैसे आले की अजून आठ टाकू. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला रॅम म्हणजे काय ते समजतं. रॅम कमी पडली की प्रत्येक क्लिप पुढे सरकायला इतका वेळ घेते, की तेवढ्यात भात शिजून होतो.

लॅपटॉप आला, दोन दिवसांतच दम टाकायला लागला. मी तो घेऊन तुमसरला एका ओळखीच्या रिपेअरिंगवाल्या दादाकडे गेले. म्हटलं, आत्ताच रॅम वाढवून टाकू. त्याने झाकण उघडलं नाही. आधी खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर पाहिला, बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली. वेगळा स्लॉटच नाही. म्हणजे वाढवायचा प्रश्नच नाही. वर म्हणाला, “झाकन उघडू नको बरं घरी जाऊन. नाही त म्हनतील, तुमीच बिघडवला.” हा सल्ला पुढे लाखमोलाचा ठरला.

परत करायला सात दिवस होते. वेबसाइटवर गेले तर कारण निवडायची यादी आली. खराब निघाली. तुटलेली आली. चुकीची वस्तू आली. काही भाग कमी आहे. यातलं काहीच माझ्या बाबतीत खरं नव्हतं. शेवटी ‘खराब निघाली’वर बोट दाबलं, त्याशिवाय पुढचं पानच उघडेना. खाली बारीक अक्षरात होतं : या वस्तूवर फक्त रिप्लेसमेंट. म्हणजे हाच लॅपटॉप घेऊन जातील आणि असाच दुसरा देतील. आंबट निघालेल्या आंब्याच्या बदल्यात त्याच झाडाचा दुसरा आंबा! आणि तोही टेक्निशियनने ‘दोष आहे’ म्हटलं तर. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

त्या रात्री घरी जे झालं ते वेबसाइटपेक्षा जास्त लागलं. आई म्हणाली, “नीट पाहून घ्यायचं होतं ना बाई.” मामाजींचा फोन आला, “ऑनलाइन कायले घेतला? सीताबर्डीवरून घेतला असता त दुकानात जाऊन भांडता तरी आलं असतं.” बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला, बस्स. आणि मीही मान्य करून टाकलं की चूक माझीच. मलाच कॉम्प्युटरमधलं कळत नाही. मीच घाई केली. गावाकडची पोरगी, घेतलं काहीतरी.

इथेच मला तुम्हाला थांबवायचं आहे. कंपनीने माझं एक रुपयाचंही म्हणणं खोडून काढलं नव्हतं. ती सगळी मेहनत मीच फुकटात करून दिली होती.

दोन दिवस असे गेल्यावर मी इंटर्न म्हणून जे शिकतेय तेच केलं, मूळ कागद वाचायला घेतला. ‘ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९’ हा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला, आणि त्याच महिन्यात ऑनलाइन खरेदीसाठी वेगळे ‘ई-वाणिज्य नियम’ आले. त्यातला सहावा नियम विक्रेत्यांबद्दल आहे. त्यात साध्या शब्दांत असं म्हटलंय की वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्यं तिच्यात नसतील किंवा ती ठरलेल्या वेळेनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येणार नाही.

यातलं तिसरं कारण पुन्हा वाचा. जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्यं नसणं. वस्तू मोडकी असण्याची अट तिथे नाही. टेक्निशियनने दोष शोधून देण्याचीही अट नाही. वस्तू ठणठणीत असेल, सुंदर असेल, पण सांगितली होती तशी नसेल, तरी ती परत करण्याचा हक्क आहे. वेबसाइटच्या यादीत हे कारणच दिसत नसेल तर तो यादी बनवणाऱ्याचा दोष. यादी कायद्यापेक्षा मोठी होत नाही.

मग मी भाषा बदलली. आधी मी चॅटवर ‘लॅपटॉप स्लो आहे, मला जमत नाहीये, प्लीज परत घ्या ना’ असं लिहीत होते. विनवणीच ती. आता ईमेल लिहिला : तुमच्या जाहिरातीत रॅम १६ जीबीपर्यंत वाढवता येईल असं आहे, बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या पानावर या मॉडेलला स्लॉट नाही असं आहे, दोन्हीचे फोटो जोडले आहेत, नियमानुसार वस्तू परत घ्या आणि पूर्ण रक्कम द्या. चार ओळी. कुठे ‘प्लीज’ नाही, कुठे राग नाही.

जाहिरातीचा फोटो माझ्याकडे होता तो निव्वळ नशिबाने. घेण्याआधी मी स्क्रीनशॉट काढून मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवला होता, ‘घेऊ का गं?’ म्हणून. तारखेसकट तो चॅटमध्ये होता. कारण मी तक्रार केल्यावर त्या पानावरची ती ओळ गायब झाली होती! कुणी काढली, का काढली, मला माहीत नाही. पण मैत्रिणीला विचारायची सवय नसती तर माझ्याकडे सांगायला फक्त तोंड उरलं असतं.

हा ईमेल कस्टमर केअरला नाही, तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवायचा असतो. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने असा अधिकारी नेमणं आणि त्याचं नाव, पत्ता वेबसाइटवर देणं बंधनकारक आहे. पानाच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात असतं, पण असतं. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाली काढायची, असंही नियमात आहे. मला पोच आली. मग दोनदा तेच ते छापील उत्तर आलं, ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’. बाराव्या दिवशी मी १९१५ वर फोन केला.

१९१५ म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. ही हेल्पलाइन कोर्ट नाही, ती कंपनीला हुकूम देऊ शकत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर अपेक्षा ठेवून बसाल. ती तुमची तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. पण फरक पडतो. माझ्या चॅटला उत्तर देणारा बहुतेक माणूसच नव्हता. हेल्पलाइनवरून तक्रार गेल्यावर मात्र मला खऱ्या माणसाचा फोन आला. त्याने एकदाच विचारलं, “मॅम, स्क्रीनशॉट ओरिजिनल आहे ना?” चार दिवसांनी पिकअपवाला आला, आणि लॅपटॉप घरी आल्यापासून सव्वीसाव्या दिवशी सगळे पैसे खात्यात जमा झाले.

सव्वीस दिवस. या काळात डॉक्युमेंटरी मी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून एडिट केली. लॅब पाचला बंद व्हायची आणि शेवटची एसटी त्यानंतर लवकरच निघायची. तुमसरच्या चकरा, भंडाऱ्याला मुक्काम, याचा हिशेब कुणी दिला नाही. म्हणून जिंकले वगैरे मी म्हणणार नाही. बाबांचे पैसे परत आले, इतकंच.

आता दुसरी बाजू. माझी साकोलीची मैत्रीण टायपिंगच्या सरकारी परीक्षेची, जीसीसी-टीबीसीची तयारी करतेय. घरी सराव करायला तिने दीड हजारांचा कीबोर्ड मागवला. दिसायला एकदम भारी, रंगीत लाइट वगैरे. आला तो छोटासा. नंबर पॅड नाही, वरच्या एफ-वाल्या कळा नाहीत. टायपिंगच्या सरावाला कुचकामी. पण फोटोत तो तसाच दिसत होता आणि खाली कळांची संख्याही लिहिली होती. तिने मोजली नाही. वेबसाइट म्हणाली, पॅकिंग उघडलं आहे, परत होणार नाही. माझा किस्सा ऐकून ती म्हणाली, “मग मीही तोच नियम टाकते!”

नाही टाकता येत. जाहिरात खरी होती, वस्तू चांगली होती, तिला चालणारी नव्हती एवढंच. आपल्या देशात ‘मला जमली नाही’ एवढ्या कारणावर ऑनलाइन वस्तू परत करण्याचा हक्क कायद्याने दिलेला नाही. ते सगळं त्या-त्या वेबसाइटच्या मर्जीवर आहे. कपडे परत घेतात म्हणून कीबोर्डही घेतील, असं नाही.

आणि इथे मला आपला कायदा अपुरा वाटतो. युरोपीय संघात २०१४ पासून सगळ्या देशांत एकच नियम आहे : ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येते. परत पाठवायचा खर्च ग्राहकावर पडू शकतो, वस्तू जास्त वापरली असेल तर थोडे पैसे कापू शकतात, पण परत घ्यावी लागते. चीननेही त्याच वर्षी सात दिवसांचा नियम केला. यामागचा विचार फार सरळ आहे. दुकानात तुम्ही कीबोर्डवर चार बोटं मारून पाहता, लॅपटॉप उचलून वजन बघता. ऑनलाइनमध्ये ते घरी आल्यावरच शक्य आहे. मग ते ‘हात लावून बघणं’ ग्राहकाला कधीतरी मिळायला हवं की नको?

यावर विक्रेत्यांचं म्हणणं मी ऐकलंय आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. लोक वस्तू वापरून परत करतात. आपल्यातच आहेत असे. प्रोजेक्टपुरता वेबकॅम मागवायचा, प्रेझेंटेशन झालं की ‘आवडला नाही’ म्हणून परत. मी माझ्याच वर्गात पाहिलंय आणि तेव्हा हसलेही आहे. त्याचा भुर्दंड एखाद्या लहान विक्रेत्यावर बसतो आणि मग तो ‘फक्त रिप्लेसमेंट’ची पाटी लावतो. ती पाटी मग माझ्यासारखीला आडवी येते. पण यावर उपाय म्हणून सगळ्यांचंच दार बंद करणं मला पटत नाही. परत पाठवायचा खर्च घ्या, उघडलेल्या वस्तूवर थोडी कपात करा. आणि निदान परतीची अट किमतीच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात आणि मराठीत लिहा. विकताना मराठीत ॲप चालतं, ‘फक्त २ शिल्लक’ हेही मराठीत ओरडून सांगता येतं, मग परतीचीच अट तेवढी इंग्रजीत का?

जाता जाता, खोटी घाई निर्माण करणारं हे ‘फक्त २ शिल्लक’ही सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये बंदी घातलेल्या तेरा ‘डार्क पॅटर्न’मध्ये येतं. तरी ते दिसतं. असो.

माझा लॅपटॉप आणि मैत्रिणीचा कीबोर्ड यांच्या मधे एक मोठी अंधारी जागा आहे आणि कॉम्प्युटरच्या सुट्या सामानात तर ती फारच मोठी आहे. जुन्या लॅपटॉपसाठी एसएसडी घेता, ती एम-डॉट-टू आकाराची असते, खाचेत बसतेही, पण लॅपटॉप तिला ओळखतच नाही. कारण आकार सारखा असला तरी साटा आणि एनव्हीएमई हे दोन वेगळे प्रकार आहेत. डीडीआर-४ रॅम डीडीआर-३ च्या जागेत बसत नाही, खाच वेगळी असते. लॅपटॉप स्वस्त मिळाला म्हणून खूश होता आणि चालू केल्यावर काळा पडदा, कारण विंडोज नाहीच, ‘डॉस’ लिहिलेलं होतं. अशा वेळी चूक कुणाची? माझा साधा हिशेब आहे : वस्तूकडे बघू नका, जाहिरातीकडे परत जा. तिथे ‘सर्व लॅपटॉपना चालेल’ असं लिहिलं असेल आणि तुमच्या लॅपटॉपला चालत नसेल, तर चूक तुमची नाही. तिथे साटा आहे की एनव्हीएमई ते स्पष्ट लिहिलं असेल आणि तुम्ही वाचलं नसेल, तर वेबसाइटची परतीची अट बघायची आणि नम्रपणे मागायचं. विक्रेत्याच्या चॅटवर आधी मॉडेल नंबर देऊन ‘याला चालेल का?’ असं विचारून ठेवलं असेल आणि तो ‘हो’ म्हणाला असेल, तर तो ‘हो’ म्हणजे तुमचा पुरावा आहे. त्याचाही स्क्रीनशॉट.

मोठ्या शहरातल्या मुलांना हे सगळं इतकं जड जात नाही, हे मला नागपूरला शिकणाऱ्या मित्रांकडे पाहून कळतं. तिथे पिकअप दुसऱ्या दिवशी येतो. सर्व्हिस सेंटरला दुपारी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. आपल्याकडे लाखांदूर किंवा पवनीच्या पुढच्या एखाद्या गावातून सर्व्हिस सेंटर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस आणि एसटीचं भाडं. सात दिवसांच्या मुदतीत टेक्निशियन यायलाच चार दिवस लागतात. डिलिव्हरीसाठी आपला पिनकोड चालतो आणि रिटर्नच्या वेळी ‘या भागात पिकअप उपलब्ध नाही, वस्तू स्वतः कुरिअर करा’ असा मेसेज येतो. लॅपटॉप काय पोस्टकार्ड आहे, डब्यात टाकायला?

मंगळुरूची ती बातमी आठवते? ऑक्टोबर २०२२, सणाच्या सेलमध्ये मागवलेल्या लॅपटॉपच्या खोक्यात मोठा दगड निघाला होता. फोटो देशभर फिरला, पैसे परत मिळाले. मिळायलाच हवे होते. पण दगडाचा फोटो काढता येतो. नसलेल्या स्लॉटचा फोटो कसा काढणार? आपली प्रकरणं व्हायरल होण्यासारखी नसतात. त्यांना कागदच लागतो.

आणि हेल्पलाइननेही झालं नाही तर? तर भंडाऱ्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे. हे वाक्य वाटतं तितकं साधं नाही. १९८६ च्या जुन्या कायद्यात, समोरचा पक्ष जिथे व्यवसाय करतो किंवा तक्रारीचं कारण जिथे घडलं, तिथे तक्रार करायची होती. कंपनी बंगळुरूची, गुरुग्रामची. २०१९ च्या कायद्याने पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं की ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगात तो तक्रार करू शकतो. म्हणजे मोहाडीच्या मुलीने बंगळुरूला जायचं नाही, कंपनीने भंडाऱ्याला उत्तर द्यायचं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, आधी त्यासाठी ‘ई-दाखिल’ होतं, २०२५ पासून ‘ई-जागृती’ आहे. व्हिडिओवरून सुनावणीचीही सोय कायद्यात आहे. मुदत मात्र लक्षात ठेवा, दोन वर्षं.

आपल्या राज्यात हे सगळं आयतं आलेलं नाही, तेही एका वाक्यात सांगते. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहकांसाठी असा वेगळा कायदाच नव्हता.

आयोगाची खोटी आशा मी दाखवणार नाही. ओडिशातल्या एका लॉच्या विद्यार्थ्याचं प्रकरण आहे. डिसेंबर २०१४ मध्ये त्याने २३ हजार ४९९ चा लॅपटॉप ऑफरमध्ये १९० रुपयांना दिसला म्हणून मागवला. ऑर्डर पक्की झाल्याचा मेसेज आला आणि दोनेक तासांत ऑर्डर रद्द. त्याला प्रोजेक्टसाठी दुसरा लॅपटॉप घ्यावा लागला. तो जिल्ह्याच्या मंचात गेला, मग राज्य आयोगात गेला आणि २०२१ मध्ये राज्य आयोगाने भरपाई आणि खर्च मिळून ४५ हजार रुपये देण्याचा आदेश केला. सहा वर्षं! तोपर्यंत त्याचं शिक्षण संपलं असेल. कायद्यात तक्रार तीन महिन्यांत, तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं लिहिलं आहे. लिहिलेलं आणि घडलेलं यात किती अंतर आहे, ते तुम्हीच बघा. तरीही दाद मागायची जागा आपल्याच जिल्ह्यात आहे हे माहीत असलं, की ईमेलमधला आवाज आपोआप बदलतो. माझा तरी बदलला.

आता काही गोष्टी, ज्या मला कुणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. घेण्याआधी पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि तो कुणाला तरी पाठवून ठेवा, तारीख आपोआप लागते. किमतीच्या आधी परतीची अट वाचा. ‘रिटर्न’ लिहिलंय की ‘रिप्लेसमेंट’, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. विक्रेत्याचं नाव वेगळं लिहून ठेवा, कारण वेबसाइट एक आणि विकणारा दुसराच असतो. वेबसाइटने त्याचं नाव, पत्ता दाखवणं बंधनकारक आहे. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. कायद्याने लागत नाही, पण वादाच्या वेळी कामी येतो. खोकं आणि थर्माकोल आईला टाकू देऊ नका. आणि लॅपटॉप परत देण्याआधी आपलं अकाउंट लॉगआउट करून तो पूर्ण रिसेट करा. माझे तर त्यात आधारचे फोटो पडले होते. पिकअपवाला दारात उभा असताना आठवलं आणि त्याला वीस मिनिटं थांबवलं.

एक गोष्ट मात्र फार गंभीर आहे. रिफंड अडकला की आपण गुगलवर कंपनीचा ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो. तिथे चोरांनी टाकलेले नंबर असतात. गोड बोलतात, लिंक पाठवतात, ‘रिफंडसाठी यूपीआय पिन टाका’ म्हणतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. नंबर घ्यायचा तो कंपनीच्या ॲपमधूनच. आणि फसगत झालीच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

परत आलेल्या पैशांतून आम्ही शेवटी नागपूरहून लॅपटॉप घेतला. मी, बाबा आणि सोबत आग्रहाने आलेले मामाजी. दुकानात मी मॉडेल नंबर मागितला, बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर टाकून रॅमचा स्लॉट आहे का ते पाहिलं. आहे. पैसे दिले, बिल झालं. बाबांनी ते बिल घडी घालून खिशात ठेवलं नाही. चष्मा लावून खालपर्यंत वाचलं. सगळ्यात खाली छापलेलं होतं, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

बाबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि दुकानदाराला म्हणाले, “भाऊ, हे कसं काय? खराब निघाला तरीबी नाही घेणार का?”

दुकानदार हसला. “अजी काकाजी, ते छापीलच असते.”

“मग खोडून द्या ना.”

त्याने पेन काढला, ओळ खोडली आणि बाजूला सही केली. मामाजी बाहेर येईपर्यंत काहीच बोलले नाहीत.